बल्गेरियातल्या झाडपाला-आजीकडे राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बल्गेरियाच्या रोडोपी डोंगरात मी दोन उन्हाळे एका म्हातारीकडे राहिले आणि तिच्यामागून रानात झाडपाला गोळा करत हिंडले. त्याबद्दल लिहीत असते, म्हणून तेव्हापासून ओळखीच्या, बिनओळखीच्या लोकांचे निरोप येतात. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. आधी हे वाचा. इथे उत्तर मिळालं नाही तरच विचारा.

१. बल्गेरियाच का? झाडपाला तर सह्याद्रीतही आहे.

आहेच. पण मला बघायचं होतं ते हे, की युरोपातल्या एका देशात हा व्यवहार अजून रोजच्या जगण्यात कसा काय टिकून आहे. बल्गेरिया रानातल्या औषधी वनस्पती बाहेर पाठवणाऱ्या युरोपातल्या मोठ्या देशांपैकी एक आहे. तिथल्या गावांत 'बिल्का' म्हणजे औषधी वनस्पती. ती गोळा करणारी आणि देणारी बाई ती 'बिल्कार्का'. 'चाय' म्हटलं की तिथे वाळवलेल्या पानाफुलांचा काढाच समोर येतो. आपला चहा हवा असेल तर 'चेरेन चाय', म्हणजे काळा चहा, असं मुद्दाम सांगावं लागतं. पहिल्या दिवशी मी मोठ्या आशेने 'चाय' मागितला. पुढ्यात आला तो रानओव्याचा काढा, बिनदुधाचा, वर चमचाभर मध.

२. तुम्ही सारखं 'बाबा, बाबा' लिहिता. हे कोणी साधू आहेत का?

नाही हो. बल्गेरियन भाषेत 'बाबा' म्हणजे आजी. हाक मारताना त्याचं 'बाबो' होतं. घरी फोनवर मी "बाबांनी आज मला चिडवणीची भाजी घातली" असं सांगितलं, तर आईला आठवडाभर वाटत होतं की लेक कुठल्यातरी आश्रमात जाऊन बसली आहे. चिडवणी म्हणजे अंगाला लागली की आग करणारी ती पानं. उकळलं की आग जाते आणि पालकासारखी भाजी होते.

३. अशी आजी सापडते कशी? एजंट आहे का?

एजंट नाही, आणि असता तर मी त्याच्यापासून लांब राहिले असते. झाडपाल्याची शिबिरं भरवणारे लोक आहेत. तिथे चकचकीत टोपल्या आणि फोटो मिळतात. मला ते नको होतं. मी गावातल्या एका पाहुणेघरात खोली घेतली आणि 'चितालिश्ते'त जाऊन विचारलं. चितालिश्ते म्हणजे वाचनालय, नाट्यगृह आणि गावची चावडी एकत्र. बहुतेक गावांत ते असतं आणि तिथल्या बाईला गावातलं सगळं माहीत असतं. तिने तीन नावं सांगितली. पहिल्या दोघींनी सरळ नकार दिला. तिसरीने माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि सकाळी सहाला ये म्हणाली. तिच्या घरची खोली मिळायला आणखी बारा दिवस गेले.

राहण्या-जेवणाचे पैसे द्या, आणि दर आठवड्याला द्या. 'काम करते, पैसे नाही देत' हा सौदा करू नका. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

४. व्हिसा कोणता? किती दिवस राहता येतं?

विमान आणि जहाजाने येणाऱ्यांसाठी बल्गेरिया ३१ मार्च २०२४ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, आणि १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरच्या सीमांसाठीही. म्हणजे शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. हे दिवस सगळ्या शेंगेन देशांत मिळून मोजले जातात. आधी महिनाभर जर्मनीत मुलाकडे राहिलात, तर तो महिना यातूनच वजा होतो. किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमाही लागतो. चलन १ जानेवारी २०२६ पासून युरो आहे, त्यामुळे जुन्या माहितीतले 'लेव्हा'चे हिशोब सोडून द्या.

या व्हिसावर काम करता येत नाही. राहण्याच्या बदल्यात काम किंवा गोळा केलेला माल विकणं, दोन्ही त्यातच मोडतं. तुम्ही पाहुण्या आहात आणि पाहुणी टोपली उचलू लागली, एवढंच ठेवा.

मुंबईहून सोफियाला थेट विमान नाही. कुठेतरी बदलावं लागतं. सोफिया ते प्लोवदिव सुमारे १४५ किलोमीटर आणि तिथून स्मोल्यान साधारण शंभर. हे शेवटचे शंभर वरंधा घाटासारखे आहेत. गाडी लागत असेल तर आवळासुपारी जवळ ठेवा.

५. कोणत्या महिन्यात जावं?

काय बघायचं आहे त्यावर आहे. एप्रिलमध्ये चिडवणी आणि रानलसूण. मे महिन्यात 'ग्लोग' या काटेरी झुडपाची फुलं. जून हा राजा महिना: 'लिपा' झाडाचा मोहर, रानओवा, 'कांतारियोन'ची पिवळी फुलं. हेच इंग्रजीतलं सेंट जॉन्स वर्ट. जुलै-ऑगस्टमध्ये उंचावरची कुरणं. सप्टेंबर-ऑक्टोबरात रानगुलाबाची लाल फळं, म्हणजे 'शिप्का', आणि मुळं. मुळं काढायची ती पाला सुकल्यावर, कारण तेव्हा झाडाचा जीव खाली उतरलेला असतो, असं बाबा म्हणते. एकदाच जाणार असाल तर जूनचा दुसरा पंधरवडा गाठा. का, ते प्रश्न १६ मध्ये.

६. भाषा येत नाही. चालेल का?

चालेल, पण सिरिलिक अक्षरं आधी शिका. देवनागरी येणाऱ्याला ती आठ दिवसांत येतात. आणि चार-पाच शब्द पाठच करा: लिस्त (पान), कोरेन (मूळ), काक्वो ए तोवा? (हे काय आहे?), ओत्रोव्नो ली ए? (विषारी आहे का?), आणि स्तिगा (पुरे). शेवटचा शब्द जेवताना उपयोगी पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बल्गेरियन माणूस 'हो' म्हणताना मान आडवी हलवतो आणि 'नाही' म्हणताना वर झटकतो, म्हणजे आपल्या बरोबर उलट. पहिल्याच आठवड्यात मी एक झुडूप दाखवून "ओत्रोव्नो ली ए?" विचारलं. बाबाने मान डावी-उजवी हलवली. मी समजले नाही विषारी, आणि खुशाल मूठभर तोडून टोपलीत टाकलं. तिने मागे वळून बघितलं, टोपली माझ्या हातातून घेतली आणि त्या दिवसाचा सगळा माल ओढ्याकाठी उलटा केला. एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून मी मानेवर विश्वास ठेवत नाही. तोंडातून 'दा' (हो) किंवा 'ने' (नाही) आल्याशिवाय हात लावत नाही.

७. दिवस कसा असतो? दिवसभर रानात?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. दव सुकल्यावर निघायचं, ऊन डोक्यावर यायच्या आत परतायचं. दवात तोडलेलं फूल काळं पडतं, कडक उन्हात तोडलेल्याचा वास उडालेला असतो. म्हणजे खरी तोडणी अडीच-तीन तासांची. उरलेला दिवस निवडणं, पसरणं, उलटणं, बकरी, चूल, आणि दारात येणारी माणसं.

तोडणीतही निम्मा वेळ न तोडण्यात जातो. रानओव्याचा एक चांगला ताटवा दिसला की मी आपली वाकायची. बाबा काठीने माझ्या पाठीवर हळूच टोचायची आणि आधी ताटव्याभोवती फिरून यायला लावायची. किती झुडपं आहेत, मधमाश्या आहेत का, मेंढरं येऊन गेली का. मग तिसऱ्या नाहीतर चौथ्या झुडपापासून सुरुवात. पहिलं दिसलेलं झुडूप ती कधीच तोडत नसे. मुळासकट उपटणं तर नाहीच. रानओवा कात्रीने वरचा बोटभर कापायचा, लाकडी झालेला बुडखा तसाच ठेवायचा. दोन उन्हाळ्यांत मी जेवढ्या वनस्पती तोडायला शिकले, त्याच्या तिप्पट वेळा "ओस्तावी" ऐकलं. ओस्तावी म्हणजे राहू दे.

८. मी शाकाहारी आहे. उपाशी मरेन का?

मरणार नाही. घेवड्याची 'बोब चोर्बा', बटाटा किसून केलेला 'पाताट्निक', मक्याच्या पिठाचा 'काचामाक', आणि दही तर बल्गेरियाचंच. फक्त 'मांस खात नाही' म्हटलं की काही आज्या कोंबडी वाढतात, म्हणून कोंबडीचं वेगळं सांगा. रोडोपीत ख्रिस्ती आणि मुस्लिम दोन्ही गावं आहेत. 'राकिया' ही फळांची दारू पाहुण्याला देणं काही घरांत रीतच आहे, काही घरांत ती दारातही येत नाही. नको असेल तर छातीवर हात ठेवून नको म्हणा. कोणी रागावत नाही.

९. रानातून तोडायला परवाना लागतो का?

बल्गेरियात औषधी वनस्पतींसाठी २००० सालापासून स्वतंत्र कायदा आहे. ढोबळ नियम असा: घरापुरतं तोडायला परवाना नाही, विकण्यासाठी तोडायला परवाना आणि शुल्क दोन्ही. पण त्याला अपवाद भरपूर. राखीव वनांत काहीच तोडायचं नाही, अगदी घरापुरतंही. राष्ट्रीय उद्यानांचे नियम वेगळे. काही वनस्पतींना पूर्ण बंदी आहे आणि काहींचा कोटा दरवर्षी सरकार ठरवतं. याद्या बदलतात, त्यामुळे जिथे आहात तिथल्या वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. 'आजीबरोबर होते' हे उत्तर रखवालदार ऐकून घेत नाही. आणि गावातल्या संकलन केंद्रावर पोती घेऊन उभी असलेली माणसं दिसली तर त्यांचं बघून तुम्ही तसं करू नका. त्यांचं पोट त्यावर आहे आणि त्यांच्याकडे कागद आहेत.

१०. मुर्साल चहा रानातून तोडून आणता येईल का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून वेगळा ठेवला आहे. मुर्साल्स्की चाय रोडोपीच्या चुनखडकावर वाढतो, पानं लव असलेली, राखाडी. बाजारात त्याच्या नावावर पुरुषांना भुलवणारी जाहिरातबाजी बरीच चालते. त्यापायी रानातला इतका ओरबाडला गेला की आता तो संरक्षित आहे. दुकानात मिळतो तो शेतात लावलेला. तोच घ्या, चवीत फरक नाही. आमच्या बाबाच्या परसात त्याचे अकरा वाफे होते. ती ते मोजायची.

११. विषारी वनस्पती ओळखायच्या कशा?

उत्तर वाचून ओळखता येणार नाहीत. हे खरंच सांगते. पण चुका कुठे होतात ते सांगू शकते.

रानलसूण, तिकडची 'लेवुर्दा', एप्रिलमध्ये बीच नावाच्या झाडांच्या जंगलात गालिच्यासारखी पसरते. तिच्याच आसपास लिली ऑफ द व्हॅली आणि कोल्चिकम उगवतात, दोन्ही जीवघेण्या. सगळे सांगतात पान चुरगळून वास घ्या, लसणाचा आला की खायचं. पण दहा पानं चुरगळल्यावर बोटांनाच लसणाचा वास लागलेला असतो. मग अकरावं पान विषारी असलं तरी लसूणच वाटतं. बाबा नाकावर नाही, देठावर जाते. रानलसणाचं प्रत्येक पान आपल्या स्वतंत्र बारीक देठावर जमिनीतून वर येतं. लिलीची दोन पानं एकाच दांड्याला धरून असतात. कोल्चिकमला देठच नसतो, पानं बुडातून सरळ फुटतात. म्हणून मूठभर ओरबाडायचं नाही, एकेक पान देठापर्यंत बोट घालून तोडायचं. वेळ लागतो. लागू दे.

दुसरी जोडी 'बज' आणि 'बजाक'. बज म्हणजे एल्डर, त्याच्या फुलांचं सरबत करतात. ते लाकडी खोडाचं झुडूप आहे आणि फळांचे घोस खाली लोंबतात. बजाक हिरव्या दांड्याचा, वास घाणेरडा, फळं वर तोंड करून उभी. तो विषारी.

तिसरी खास आपल्या लोकांसाठी. बीचच्या जंगलात मोकळ्या जागी एक झुडूप असतं, त्याला चकचकीत काळी फळं. आपल्या हाताला करवंदं तोडून तोंडात टाकायची सवय. ती फळं बेलाडोनाची आहेत. गावात त्याला 'लुदो बिले' म्हणतात, वेडं झुडूप. चवीपुरतंही नाही.

आणि पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांच्या, कोथिंबिरीच्या कुळातल्या कशालाही नवशिक्याने हात लावू नये. हेमलॉक त्यातच आहे.

काही पोटात गेलंच तर ११२ वर फोन करा, आणि जे खाल्लं त्याची फांदी बरोबर घेऊन जा.

१२. फोनमधलं ओळख सांगणारं अ‍ॅप आहे की!

घरी आल्यावर नाव शोधायला ठीक. खायचं की नाही हे ठरवायला नाही. वर सांगितलेला देठाचा फरक फोटोत बहुतेक वेळा येतच नाही, कारण आपण फोटो फुलाचा काढतो.

१३. वाळवायचं कसं? गच्चीवर घातलं तर?

हीच माझी चूक. वाळवण म्हणजे ऊन, हे आपल्या रक्तात आहे. कुरडया, पापड, सांडगे, सगळं उन्हात. मी लिपाचा पहिला मोहर बाबा बाजारात गेली असताना अंगणात चादरीवर उन्हात घातला. संध्याकाळपर्यंत तो विडीच्या तंबाखूसारखा झाला होता. तिने चिमूट चोळून बघितली आणि चादर उचलून बकरीपुढे नेली.

पानं-फुलं सावलीत, वारा खेळत्या जागी, एकावर एक न येता पातळ पसरून. तिकडे माळ्यावर वाळवतात, कारण कौलांखाली ऊब असते पण ऊन नसतं. दिवसातून एकदा हलक्या हाताने उलटायचं. दांडा वाकला तर ओला, कट्‌कन मोडला तर झालं. मुळं मात्र धुऊन, चिरून उन्हात चालतात. साधारण चार-पाच किलो ओल्याचं एक किलो होतं. त्यामुळे 'एवढीशी पुडी आणि एवढी किंमत' म्हणण्याआधी हिशोब करा. साठवायला कागदी किंवा कापडी पिशवी. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.

१४. साप, अस्वल?

दोन्ही आहेत, दोन्ही क्वचित दिसतात. नाकावर शिंग असलेला 'पेपेल्यांका' हा विषारी साप तापल्या दगडांवर पडलेला असतो. घोट्यावर येणारे बूट घाला आणि दगडाआड हात घालण्याआधी काठी घाला. अस्वलासाठी बाबा कमरेला मेंढीची घंटा बांधते.

खरा शत्रू गोचीड. रोज संध्याकाळी अंग तपासायचं: काखा, गुडघ्यामागे, केसांत. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल किंवा काडीचा चटका नको. नंतर लाल वर्तुळ पसरायला लागलं किंवा ताप आला तर डॉक्टरकडे, आणि गोचीड चावली होती हे आपणहून सांगा. लाइम आणि क्रिमियन-काँगो ताप दोन्ही त्या देशात आहेत.

१५. माझ्या गोळ्या चालू आहेत. बाबाने दिलेला काढा घेतला तर?

आधी डॉक्टर. विशेषतः कांतारियोन. हे फूल गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, अवयव-प्रत्यारोपणानंतरची औषधं यांचा परिणाम कमी करतं, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर घेतलं तर धोका होतो. 'नैसर्गिक आहे' म्हणून सुटका नाही. गरोदर बायकांनी काहीच घेऊ नये. आमची बाबाही त्यांना देत नाही.

त्याच फुलांचं तेल वेगळं. बरणीत फुलं, वर तेल, आणि चाळीस दिवस उन्हात. पिवळ्या फुलांतून तेल डाळिंबासारखं लाल होतं. हे वरून लावायचं, पण लावून उन्हात जायचं नाही, चट्टे उठू शकतात.

१६. एन्योवदेन काय आहे? ते बघायला मिळेल का?

२४ जून. त्या पहाटे सूर्य उगवायच्या आत तोडलेल्या बिल्कांत सगळ्यात जास्त गुण, असा समज. आजार सत्त्याहत्तर आणि अर्धा, म्हणून बिल्काही साडेसत्त्याहत्तर. सत्त्याहत्तर आजारांना नावं आहेत, अर्ध्याला नाव नाही, आणि त्याच्यावरची अर्धी बिल्का ज्याची त्याला सापडते. फुलापानांचं माणसाएवढं कडं करतात आणि त्यातून सगळे पार होतात. मला बाबाने पहाटे साडेतीनला उठवलं. अंधारात दवाने परकर भिजला, आणि प्रश्न ७ मध्ये सांगितलेला दवाचा नियम त्या एका दिवशी तिने स्वतःच मोडला. विचारलं तर म्हणाली, आज चालतं.

१७. पण हे सगळं अंधश्रद्धाच ना?

काही आहे. बाबा ताप उतरवायला शिसं वितळवून पाण्यात ओतते आणि त्याच्या आकारावरून भीती ओळखते. ते मी फक्त बघितलं. पण त्याच देशात १९५० च्या दशकात दिमितर पास्कोव्ह यांनी कोकिचे या बर्फातून वर येणाऱ्या फुलाच्या कुळातून गॅलँटामिन हे औषध पुढे आणलं. आज ते स्मृतिभ्रंशावर जगभर देतात. वर सांगितलेल्या वेड्या झुडपाच्या मुळाचा काढा १९२० च्या दशकात इव्हान राएव्ह हा बल्गेरियन झाडपालावाला मेंदूच्या तापानंतर अंग कडक झालेल्यांना देत असे. त्याला पुढे 'बल्गेरियन उपचार' हे नावच पडलं. मात्र हे वाचून कोणी घरी मुळं उकळू नयेत.

१८. आयुर्वेदाशी जुळतं का?

झाडं जुळतात, विचार नाही. वात-पित्त-कफ तिथे नाही. मी सोलापूरकडच्या माळावरच्या सराट्याचा फोटो दाखवला, ज्याला आपण गोखरू म्हणतो. बाबा खदखदून हसली. त्यांच्याकडे त्याच काट्याला 'बाबिनी झबी' म्हणतात, आजीचे दात. तिकडे त्याच्या गोळ्याही निघतात. त्यांचं 'जिवोव्ल्याक' आपल्या इसबगोलाचं भावंड, पण ते बी खात नाहीत, पान चुरगळून जखमेवर बांधतात. 'दिल्यांका' आपल्या औषधी तगराची (पांढऱ्या फुलांच्या बागेतल्या तगरीची नव्हे) बहीण. नाव सारखं दिसलं म्हणून मात्रा सारखी धरू नका.

१९. येताना भारतात काय आणता येतं?

बंद पाकिटातला, छापील लेबलचा वाळवलेला चहा आणि तेल. सुटा पाला, बी, कंद, मुळं, मातीची रोपं आणू नका. वनस्पती आयातीसाठी २००३ चा विलगीकरण आदेश आहे, त्यात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. शंका असेल ते विमानतळावर लाल मार्गिकेत स्वतःहून दाखवा. कोकिचेचे कंद तर आंतरराष्ट्रीय करारानेच संरक्षित आहेत.

२०. तुमच्या बाबांचं गाव सांगाल का? आणि आजीसाठी काय नेऊ?

गाव नाही सांगणार. तिला विचारलं होतं, तिने मान वर झटकली. प्रश्न ३ मध्ये रस्ता सांगितला आहे.

भेट म्हणून स्टीलचे घट्ट झाकणाचे डबे न्या, त्याहून जास्त आनंद कशाने झालेला मी पाहिला नाही. ज्येष्ठमध नेऊ नका, त्यांच्याकडे आहे. मी मोठ्या कौतुकाने हिंगाची डबी नेली होती. तिने झाकण उघडलं, परत लावलं, डबी खिडकीबाहेर ठेवली आणि वर दगड ठेवला. दुसऱ्या उन्हाळ्यात गेले तेव्हा डबी तिथेच होती. तिच्या म्हणण्यानुसार त्या बाजूने कोल्हा कोंबड्यांकडे फिरकला नव्हता, आणि मी आणखी एक डबी आणली आहे का, हे तिने आत येण्याआधीच विचारलं.